२२ हजारांचं मशीन आणि गच्चीवरची टाकी

पत्र थोडक्यात: मुलुंडच्या एका ३० वर्षं जुन्या सोसायटीत राहणाऱ्या वाचक भगिनींचं हे पत्र आहे. घरात नवरा, ७ वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाला कावीळ झाली, रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस ए निघालं. आता तो बरा आहे, शाळेतही जातो. त्याआधी मेअखेरीस सोसायटीत आठवडाभर टँकरचं पाणी होतं, जूनच्या सुरुवातीला सगळे गावी लग्नाला गेले होते. घरी आजवर स्टीलचा कँडल फिल्टर आणि माठ एवढंच. मागच्या रविवारी लॉबीत एका कंपनीचा माणूस आला. त्याने नळाच्या पाण्यात दोन दांड्या बुडवून वीज लावली, तर पाणी तांबडं-काळं झालं. त्याच्या मशीनचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं. नवऱ्याने तिथल्या तिथे हजार रुपये देऊन २२ हजारांचं आरओ बुक केलं, येत्या रविवारी बसवायला येणार आहेत. शेजारीण सांगते, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५० च्या खाली हवा, नाहीतर मूतखडा होतो. सासूबाई म्हणतात, पाणी उकळा आणि तांब्याच्या हंड्यात भरा, मशीन कशाला? 'मी कोणाचं ऐकू? आणि आधीच मशीन घेतलं असतं तर माझ्या मुलाला हे झालंच नसतं ना?'

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटातून आलेत असं मला वाटतं.

हिपॅटायटिस एचा विषाणू पोटात गेला की दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे होत नाहीत. मध्ये साधारण २ ते ७ आठवडे जातात, सरासरी धरली तर ४. म्हणजे तुमच्या मुलाला हा संसर्ग मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत केव्हाही झालेला असू शकतो. आता कॅलेंडर समोर घ्या. मेअखेरीस टँकर. मग गावचं लग्न, तिथलं सरबत, मांडवातली पाण्याची पिंपं. मग जूनच्या मध्याला शाळा सुरू झाली, पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं. यातलं नेमकं कशातून झालं, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. घरात बाकी कुणाला काही झालं नाही म्हणून घरचं पाणी चांगलं होतं असंही ठरत नाही, कारण आपल्याकडे बऱ्याच मोठ्या माणसांना हा संसर्ग लहानपणीच न कळत होऊन गेलेला असतो आणि तो पुन्हा होत नाही. तेव्हा 'माझ्यामुळे झालं' हा निकाल तुम्ही पुराव्याशिवाय स्वतःवर लादून घेतलाय. तो सोडा. तुमच्या मुलाला आता हा आजार पुन्हा होणार नाही. मजल्यावर, नात्यात आणखी लहान मुलं असतील तर त्यांच्या घरी एवढं जरूर सांगा की हिपॅटायटिस एची लस मिळते, मुलांच्या डॉक्टरांना विचारा.

हे आधी सांगितलं, कारण मूल नुकतंच आजारातून उठलेलं असताना आईला काहीही विकता येतं. त्या रविवारी तुमच्या घरात तेच झालं.

लॉबीतल्या त्या प्रयोगाबद्दल मला स्पष्टच बोलायचंय. मी २२ वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली आणि हा प्रयोग कुठेही दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या दांड्यांपैकी एक लोखंडाची असते आणि एक अ‍ॅल्युमिनियमची. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतातच, त्यामुळे वीज वाहते, लोखंडाची दांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. तुम्ही जो तांबडा-काळा गाळ पाहिलात तो पाण्यात नव्हताच, तो त्या माणसाने पिशवीतून आणलेल्या दांडीतून निघाला. आरओच्या पाण्यात क्षार अगदी नावाला उरलेले असतात, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. खात्री करायची तर त्याच्याच मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, आपण आमटीत घालतो तेच. तेही तांबडं होईल. पाण्यात काविळीचे, टायफॉइडचे जंतू आहेत की नाहीत याबद्दल हा प्रयोग एक अक्षर सांगत नाही.

टीडीएस मीटरचंही तेच. पाण्यातून वीज किती सहज जाते ते तो मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. ३० टीडीएसच्या पाण्यातून कावीळ होऊ शकते आणि ३०० टीडीएसचं पाणी अगदी निर्धोक असू शकतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम दिली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायला परवानगी आहे. ५० च्या खालीच हवा, असं त्यात कुठेही नाही. याच मानकात ई. कोलाय या जंतूबद्दल मात्र जराही सवलत नाही: १०० मिलिलिटर पाण्यात तो आढळताच कामा नये. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे या दोन आकड्यांवरूनच कळावं.

आणि आपलं मुंबईचं पाणी येतं कुठून? तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. सातही तलाव पावसाने भरणारे, त्यामुळे पाणी मऊ. नळाला टीडीएस साधारण शंभराच्या आसपास असतो, पुष्कळदा त्याहून कमीच. इथे साबणाला जसा फेस येतो तसा मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यात येत नाही, डाळही शिजता शिजत नाही, हे ज्यांचं गाव तिकडे आहे त्यांना सांगायला नको. मूतखड्याची भीती घालणाऱ्या शेजारणीला एवढंच सांगा की खड्याचा जास्त संबंध पाणी कमी पिण्याशी आहे. दिवसभर ऑफिसात, लोकलमध्ये, 'बाथरूमची सोय नाही' म्हणून आपल्या बायका पाणी पीत नाहीत, त्याची काळजी आधी करायला हवी.

मग आरओ नेमकं काय करतं? पडद्यातून दाबाने पाणी ढकलून विरघळलेले क्षार काढतं. जिथे पाणी खारं आहे, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आहे, तिथे ते खरोखर लागतं. ते जंतूही अडवतं, हेही खरं. पण घरगुती आरओतून एक लिटर पाणी मिळवायला सहसा दोन-तीन लिटर मोरीत जातं. पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज २० लिटर धरलंत तर ४० ते ६० लिटर वाया. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप आहे. म्हणजे एका माणसाच्या पाण्याचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, गटारात. मेअखेरीस टँकर मागवणाऱ्या सोसायटीत! जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओला मनाई करा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं, ते याच नासाडीमुळे. पुढे तो वाद कोर्टात गेला, पण मूळ मुद्दा खोडला जाण्यासारखा नाही. आणखी एक बघा. आरओने क्षार काढले की पाणी बेचव लागतं, म्हणून या मशीनला 'टीडीएस कंट्रोलर' नावाचा स्क्रू असतो. बसवणारा मुलगा तो फिरवतो आणि आरओला बगल देऊन थोडं पाणी पुन्हा आत मिसळतो. मुंबईच्या पाण्यात आधी क्षार काढायचे, मग तेच पाणी परत घालायचं, आणि मधल्या मध्ये तीन लिटर सांडायचं. यासाठी २२ हजार कशाला घालवायचे?

तुम्ही विचारलंत, कोणाचं ऐकू. मी आधी विचारते, तुमचं पाणी बिघडतं कुठे?

भांडुपच्या संकुलात, तुमच्या अगदी शेजारीच, पाणी गाळून क्लोरीन घालून सोडलं जातं. तिथून ते तुमच्या ग्लासात येईपर्यंत तीन ठिकाणी बिघडू शकतं. पहिलं, रस्त्याखालची लाइन. पाणी दिवसाचे काही तासच येतं. एरवी पाइपात दाब नसतो. जिथून एरवी पाणी गळतं, त्याच फटीतून दाब गेल्यावर बाहेरची घाण आत ओढली जाते. लाइनला थेट मोटर लावून पाणी खेचणारे याला आणखी हातभार लावतात. दुसरं, सोसायटीच्या टाक्या. तिसरं, आपलं स्वयंपाकघर. माझ्या अनुभवात जुन्या सोसायट्यांचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे मधला.

आमच्या गोरेगावच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात तीन घरांतली पोरं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. त्यातल्या एका घरी आरओ होतं. तिथला मुलगा खेळून आला की बाथरूमच्या नळाला तोंड लावून प्यायचा. मी ओटी टेस्टची छोटी पेटी घेऊन खाली गेले. गावाकडे आरोग्यसेवक विहिरीवर करतात तीच साधी तपासणी: नळीत पाणी घ्यायचं, द्रावाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. पालिकेच्या पाण्याच्या मीटरजवळच्या नळाचं पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं. म्हणजे पालिकेचं पाणी क्लोरीनसकट आत येत होतं. जमिनीखालच्या टाकीतलं फिकट पिवळं. आणि गच्चीवरच्या टाकीतलं, काहीच नाही. पाणी पाण्यासारखं. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा असं मानक सांगतं. आमच्या टाकीत तो संपून गेला होता, कारण तो तिथल्या घाणीशी लढण्यातच खर्च होत होता.

वॉचमनकडून किल्ली घेऊन वर गेलो. टाकीचं झाकण एका कोपऱ्यात तडकलेलं, त्यावर कुणीतरी लादीचा तुकडा ठेवून दिलेला. लादी सरकवली तर कडेला कबुतराची पिसं चिकटलेली होती. टॉर्च मारला तर तळाला बोटभर गाळ, मुलतानी मातीसारखा मऊ. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नव्हती. टाकी शेवटची कधी धुतली ते रजिस्टरमध्ये सापडेना. सेक्रेटरी म्हणाले, झाली असेल दिवाळीत. खजिनदार म्हणाले, बिल तर नाही. त्या वर्षी कमिटीत मीही होते आणि मलाही कधी विचारायचं सुचलं नव्हतं. ही गोष्ट मला अजून बोचते. त्या टाकीखाली २८ घरं होती. २८ घरांनी २८ मशीनं घेतली असती, तरी ती पिसं तिथेच राहिली असती आणि पोरांनी दात त्याच पाण्याने घासले असते.

म्हणून मशीनच्या आधी एक काम करा. जंतू तपासायच्या एचटूएस बाटल्या मिळतात. बाटलीत पाणी भरायचं, घरातल्या उबदार जागी ठेवायचं, २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्यातून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. तीन बाटल्या घ्या: एक मीटरजवळच्या नळाची, एक गच्चीवरच्या टाकीची, एक तुमच्या स्वयंपाकघराच्या नळाची. बाटली आधीच निर्जंतुक असते, ती विसळू नका, आत बोट लावू नका, आणि नळ दोन मिनिटं वाहू दिल्यावर भरा. वापरून झालेली बाटली मुलाच्या हाती लागू देऊ नका, ब्लीचिंग घालूनच ओता. मीटरची बाटली काळी झाली तर मामला रस्त्याखालचा; पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, वॉर्ड ऑफिसातल्या पाणी खात्याला लेखी द्या आणि पालिकेला नमुना न्यायला लावा. मीटरची स्वच्छ राहिली आणि टाकीची काळी झाली, तर कमिटीकडे जा. तिन्ही स्वच्छ राहिल्या म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. हा एका दिवसाचा फोटो असतो, आणि जुलैतल्या मोठ्या पावसानंतर चित्र बदलतं.

टाकी वर्षातून दोनदा धुवायला हवी: एकदा पावसाळ्याच्या तोंडावर, एकदा पाऊस संपल्यावर. झाकण घट्ट आणि कुलपाचं, ओव्हरफ्लोला बारीक जाळी. जमिनीखालच्या टाकीजवळून ड्रेनेजची लाइन किंवा चेंबर जात असेल तर तो प्लंबरला दाखवाच. जुन्या बिल्डिंगांमध्ये या दोघांत हातभराचंही अंतर नसतं. खर्च घरांमध्ये वाटला तर एका फिल्टरच्या कँडलपेक्षा कमी पडतो.

आता मशीन. घ्यायचंच असेल, आणि काविळीच्या अनुभवानंतर तुम्हाला घ्यावंसं वाटणं मला पटतं, तर तुमच्या घराला यूव्हीचं घ्या: आधी गाळ अडवणारी कँडल, मग कार्बन, मग अतिनील किरणांचा दिवा, जमल्यास सोबत यूएफची, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची, जाळी. दिवा जंतूंना, विषाणूंसकट, निकामी करतो. पाणी वाया जात नाही. क्षार आहेत तसे राहतात, आणि ते राहायलाच हवेत. किंमत आरओच्या साधारण निम्म्याच्या आसपास. अट एकच, पाणी स्वच्छ दिसणारं हवं. गढूळ पाण्यात किरण आतपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून आधीची कँडल पावसाळ्यात लवकर मळली तर लवकर बदला, तारखेची वाट पाहू नका. दिवा पेटलेला दिसत असला तरी साधारण वर्षभराच्या वापरानंतर त्याची ताकद उतरते, तोही बदलावा लागतो. दिवा बंद पडला की पाणी आपोआप थांबणारं मॉडेल मागा. आणि कार्बन वेळेवर बदलला नाही तर त्यातच जंतू घर करतात, हे विक्रेते सांगत नाहीत.

दुकानात तुम्हाला 'आरओ प्लस यूव्ही प्लस यूएफ' असंच सगळं दाखवतील. 'बिनाआरओचं दाखवा' असं दोनदा, तीनदा म्हणावं लागेल, म्हणा. अल्कलाइन, तांबं घातलेलं, अमुक खनिजं घातलेलं यांच्या मागे लागू नका. पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की अल्कलाइन पाणी तिथे पोहोचताच त्याचा अल्कलाइनपणा संपतो. विचारायचंच असेल तर हे विचारा: पाच वर्षांत कँडल, कार्बन, दिवा आणि सर्व्हिसिंग धरून एकूण किती पडेल? ते लिहून द्या म्हणा. मशीनची किंमत ऐकून हो म्हटलेली कितीतरी घरं तिसऱ्या वर्षी सर्व्हिसिंग बंद करतात, आणि सर्व्हिसिंग बंद पडलेल्या मशीनपेक्षा उकळलेलं पाणी शंभर पटींनी बरं.

आता उकळण्याबद्दल, म्हणजेच सासूबाईंबद्दल. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पाण्याला चांगली खळखळून उकळी आली आणि मिनिटभर राहिली की काविळीचा विषाणू असो, टायफॉइडचा जंतू असो, काही शिल्लक राहत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की पालिकाही गाळून उकळून प्या असंच सांगते. त्यांनी सुती कपड्याची गाळणी बांधली असेल तर तिलाही नावं ठेवू नका. रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशात जुन्या सुती साडीची चौघडी करून पाणी गाळायला लावलं, तर कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. विषाणू मात्र कापडाला जुमानत नाहीत, तेवढ्यासाठी उकळी. तुमच्या कँडल फिल्टरचंही तसंच: गाळ अडतो, कावीळ अडत नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवलं की बरेच जीवाणू मरतात हे प्रयोगांत दिसलंय. पण भांडं घासलेलं हवं, वेळ पुरा मिळायला हवा, आणि पावसाळ्यात लहान मूल असलेल्या घरात मी केवळ हंड्यावर विसंबणार नाही. उकळलेलं पाणी हंड्यात भरा. सासूबाईंचंही राहील आणि मुलाचंही.

उकळण्याचा खर्च मी मांडून पाहिलाय. रोज १० लिटर पाणी उकळायला घरगुती सिलिंडर साधारण चार महिने पुरतो, म्हणजे वर्षाला तीन सिलिंडर नुसत्या पाण्याला. शिवाय ते थंड व्हायला ठेवायचं कुठे, हा मुंबईच्या ओट्यावरचा खरा प्रश्न. दोघं नोकरीला जाणाऱ्या घरात हे बाराही महिने निभत नाही आणि एक दिवस चुकलं की अपराधी वाटत राहतं. म्हणून रोज यूव्ही, आणि लाइट गेली, दिवा बिघडला, नळाला गढूळ पाणी आलं की उकळणं, असं मी सुचवेन.

तुमच्यासारखं पत्र आणखी कितीतरी घरांतून येऊ शकलं असतं, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. ज्यांच्याकडे वर्षभर टँकर किंवा बोअरचं पाणी आहे, विशेषतः खाडी-समुद्राच्या जवळ, त्यांनी दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर आणावा, कारण तिथे त्या मीटरला खरंच काम आहे. आकडा सतत ५०० च्या वर असेल तर आरओ घ्या, पण त्याचं सोडलेलं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला आणि संडासला चालतं. भाड्याच्या खोलीत, चाळीत, जिथे नळाला जोर नाही, तिथे विजेशिवाय चालणारा यूएफचा ओतायचा फिल्टर बरा; जीवाणू चांगले अडतात, पण काविळीचा विषाणू इतका बारीक की त्या जाळीवर पूर्ण भरवसा टाकता येत नाही, तेव्हा पावसाळ्यात वर उकळी किंवा बाटलीवर लिहिलेल्या मापाने क्लोरीनचे थेंब, आणि अर्धा तास थांबायचं. २० लिटरचे सुटे जार घेणाऱ्यांनी सीलबंद झाकण आणि आयएस १४५४३ चा, म्हणजे बाटलीबंद पाण्याच्या भारतीय मानकाचा, शिक्का आहे का ते पाहावं. नुसतं गार पाणी भरून देणाऱ्या जारवर ते नसतं, आणि त्यात कुठलं पाणी आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पावसाळ्यात नळाला ब्लीचिंगचा वास येतो म्हणून नाक मुरडू नका. तो वास येतोय तोवर पाण्याला राखणदार आहे. फिल्टरचा कार्बन तो काढून टाकतो, म्हणून गाळलेलं पाणी दोन-तीन दिवस साठवू नका, त्या दिवशीचं त्या दिवशी संपवा. आणि माठ. तुमच्या माठात ग्लास बुडवून पाणी घेतात का? बहुतेक घरांत घेतात. हात लागलेला ग्लास माठात गेला की मशीनने केलेलं सगळं काम तिथेच संपतं. लांब दांड्याचं ओगराळं आणा किंवा तोटीचा माठ घ्या, आणि माठ रोज रिकामा करून आतून घासून धुवा. मुलाच्या शाळेच्या बाटलीचं झाकण, त्यातली स्ट्रॉ, ती रबराची रिंग एकदा उलगडून बघा. ब्रश आत जात नसेल तर सरळ रुंद तोंडाची स्टीलची बाटली घ्या. आणि संडासातून आल्यावर साबणाने हात. कावीळ पाण्याइतकीच हातांवाटे पसरते.

तुमच्या यजमानांवर रागावू नका. तेही घाबरलेच होते, त्यांनी फक्त पैसे काढून ते दाखवलं. कंपनीला आज-उद्या फोन करा, रविवारचं बसवणं थांबवा आणि तेच बुकिंग यूव्हीवर फिरवून मागा. बहुतेक कंपन्या तेही विकतातच. नाही म्हणाले तर हजार रुपये परत मागा, आणि नाहीच मिळाले तरी उरलेले २१ हजार तुमच्याकडेच आहेत.

रविवारी सकाळ मोकळी झाली की दोघांनी वॉचमनकडून गच्चीची किल्ली घ्या. मुलाला वर नेऊ नका, त्याला आजीपाशी ठेवा. एक टॉर्च न्या, फोन न्या, आणि टाकीचं झाकण उघडून आतला फोटो काढा. तो सोसायटीच्या ग्रुपवर टाका, खाली फक्त एवढंच लिहा: टाकी शेवटची कधी धुतली होती?